ब्रँडचा आवाज

कंपनीचा आत्मा तिच्या आवाजात असतो, असं आमच्या मार्केटिंगवाल्यांनी आठ महिने अभ्यास करून जाहीर केलं. फ्रीजलंड या डच प्रांतातली आमची कंपनी गाईंचं दूध काढणारे रोबो बनवते. रोबो रिकामा झाला की ‘टीं-टीं’ वाजतो आणि पुढची गाय आपणहून आत शिरते. एकोणीस वर्षांपूर्वी हा आवाज इंजिनिअर वीबेनं निवडला, कारण तोच भोंगा सगळ्यात स्वस्त होता.

आता नवं नाव, नवा रंग आणि ‘टीं-टीं’ऐवजी चेलोचे तीन मंद सूर ठरले.

“फ्राउक्ये, आवाज तेवढा राहू दे,” वीबे मार्केटिंगच्या प्रमुख बाईंना म्हणाला. नाव आणि रंगाची लढाई तो आधीच हरला होता.

“का रे बाबा? शेतकऱ्यांना चेलो फार आवडला. सर्व्हे आहे माझ्याकडे.”

“पण रोबोत शिरतं कोण?”

“गाय. आणि विकत कोण घेतं? गाय?”

मीटिंग तिथेच संपली.

सोमवारी हिल्के नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात चेलो वाजला. साठ गाईंनी माना वर करून तो शांतपणे ऐकला आणि पुन्हा रवंथ सुरू केला. दुपारी कासा तटतटल्या, तशा त्या हंबरू लागल्या. शेवटी हिल्के रोबोशेजारी उभा राहून तोंडानंच ‘टीं-टीं’ म्हणाला. गाई रांगेत आल्या.

वीबेनं जुना आवाज परत मागितला. फ्राउक्येनं चेलोचे सूर बनवणाऱ्या एजन्सीशी झालेला तीन वर्षांचा करार दाखवला.

हिल्के आता रोज पहाटे पाचला गोठ्यात येऊन ‘टीं-टीं’ करतो. पहाटे उठावं लागू नये, म्हणून त्यानं रोबो घेतला होता.