दिसतेस की आता

स्वरदाने टोरांटोला जाताना आईला दिलेला जुना लॅपटॉप म्हणजे नसती डोकेदुखी होती. चार्जरची पिन तिरकी धरली तरच चालायचा, आणि कॅमेरा तर मेलेलाच. त्यामुळे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर लेक विचारत राहायची, "आई, कुठली साडी नेसलीस? पायाची सूज उतरली का? मोगरा फुलला?" उत्तराबाई सांगत बसायच्या. बोलणं संपता संपायचं नाही.

शेवटी एम. जी. रोडच्या दुकानात खेपा घालघालून त्यांनी कॅमेरा दुरुस्त करून आणला.

त्या रविवारी स्वरदा म्हणाली, "अगं, दिसतेस की आता. छान आहेस. चल, ठेवते मग."

 

पुढच्या रविवारी फोन यायच्या आधी उत्तराबाईंनी आरशावरची टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर चिकटवली.