निरोपाची तालीम

"पुन्हा," हेस्टर म्हणाली. "डावीकडून. मेलेल्या माणसाला निरोप देताना फेरी डावीकडून घालायची. उजवीकडून घातलीस तर माझं लग्न लावून मोकळा होशील."

क्लेम खोलीच्या मधोमध थांबला. "डावी कुणाची? नटाची की प्रेक्षकांची?"

"क्लेम."

"नाही, आधी विचारलेलं बरं. इतकी वर्षं तुझे सेट ठोकले. तू 'डावीकडे' म्हणालीस की दर वेळी दार उलट्या बाजूला लागलंय."

पबच्या वरची ही खोली म्हणजेच हेस्टरचं नाट्यगृह. टॉडमॉर्डन गावात तिला सगळे ओळखत. तिचं नाटक बघायला जिना चढणारे मात्र मोजकेच. नाटकं तीच लिहायची, तीच बसवायची. कविता स्वतः छापायची आणि स्वतःच फुकट वाटायची. पोट चालायचं ते पौरोहित्यावर. चर्चची पायरी न चढणारी, ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवांना मानणारी माणसं लग्नाला, बारशाला, मर्तिकाला तिला बोलवायची. तेही माळावर, चिखलात, भर पावसात. आता गुडघे कुरकुरत होते, आणि खरं सांगायचं तर तिला सगळ्याचाच कंटाळा आला होता. दुसऱ्यांचा आनंद आणि दुसऱ्यांची रडारड आपल्या तोंडानं बोलून बोलून माणूस किती बोलणार?

गेल्या महिन्यात दोघा नवरा-बायकोच्या तपासण्या झाल्या. निकाल ऐकायला हेस्टर एकटीच आत गेली. क्लेम गाडीतच बसून राहिला. "जे काय असेल ते हिला सांगा," असं त्यानं डॉक्टरांना आधीच बजावलं होतं. वाईट बातमी ऐकून घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. हेस्टर परत आली, तिनं पट्टा लावला आणि म्हणाली, "तू ठणठणीत आहेस. माझं काही खरं नाही."

क्लेमनं बाहीनं समोरची काच पुसली. मग म्हणाला, "जाताना चिप्स घ्यायच्या?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं ही तालीम काढली. निरोप क्लेमनंच द्यायचा, बाहेरचं कुणी नको. आणि नीट द्यायचा. आजवर तिनं कितीतरी जणांना निरोप दिला, पण माहिती मिळायची ती नातेवाइकांकडून. मुलगा सांगायचा, बाबांना गुलाब फार आवडायचे. मुलगी म्हणायची, छे, गुलाबांनी त्यांना शिंका यायच्या. ज्याला नक्की ठाऊक, तो शवपेटीत. मग अंदाजानं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. या वेळी तिला अंदाज नको होता. बाकी सगळं आयुष्य जमेल तसं झालं, हे एक तरी बरोबर व्हावं, एवढंच तिला वाटत होतं.

"बस आता," ती म्हणाली. "मी घरच्यांना विचारते तेच प्रश्न. कुठे पुरायचं?"

"तुला कुठे हवंय?"

"मला विचारायचं नाही. मेलेलं माणूस बोलत नाही. तुला काय बरं वाटेल ते सांग."

क्लेमनं आपल्या बशीतला आल्याचा केक तिच्याकडे सरकवला. त्यातला एक घासच कमी झाला होता. "वरच्या माळावर. धरणाच्या अंगाला. वारा असतो तिथे."

"थंडी वाजेल."

"मेल्यावर?"

सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं. "गाणं कुठलं?"

"गाणं नको. बँड. शाळेतल्या पोरांचा. चुकतात ते, पण मनापासून फुंकतात."

बँड ऐकला की हेस्टरचं डोकं उठायचं. तरी तिनं मान डोलावली.

"पेटी?"

"आपल्या सेटच्या जुन्या फळ्या पडल्यात खाली. त्यांचीच. मी करून ठेवतो."

"बोलवायचं कुणाला?"

क्लेमनं नखानं टेबलावरचा रंग खरवडला. "माझ्या भावाला."

आईच्या घरावरून भांडण झाल्यापासून दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. "माझ्या मयताला तो लीड्सहून येईल होय?"

"बोलावलं तर येईल. आपण बोलवायचं."

"बरं. आणि शब्द? माझी कुठली कविता वाचशील?"

"कविता नको. कुणाला कळत नाहीत तुझ्या कविता."

"आयुष्यभर हे पोटात ठेवून होतास?"

"तू कधी विचारलंच नाहीस, बाई. साधं बोलायचं. म्हणायचं, संसार बरा झाला. खायला मिळालं, भांडायला मिळालं, हसायला मिळालं. आणखी काय लागतं?"

हेस्टरला रडू आलं. स्टेजवर रडणाऱ्या नटांना ती आजवर झापत आली होती. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पलीकडच्या छपरावरचे कावळे बघत बसली.

क्लेम उठून खुर्च्या मिटायला लागला. एक मिटायची, दम घ्यायचा, मग दुसरी.

"काय मग," तो म्हणाला, "राहील ना सगळं लक्षात?"

"लक्षात तू ठेवायचं आहेस. बोलणार तू."

क्लेमनं हातातली खुर्ची परत उघडली आणि तिच्या शेजारी मांडून बसला.

"हेस्टर, नाटक पुरे झालं आता. डॉक्टरांनी मला किती दिवस दिलेत?"