उस्तादांचा लंगोट

ईदच्या कुस्त्यांआधी उस्ताद फजलदीननी सगळ्या तालमीसमोर स्वतःचा लंगोट माझ्या कमरेला बांधला. गुजरांवाल्यात पहिलवानाला याहून मोठा मान नाही. त्यानंतर सरावाला मी दुसरा लंगोट घातलाच नाही. मग जांघांची आग व्हायला लागली. लाजेनं कुणाला बोललो नाही, आखाड्याची माती चोळत राहिलो. आमच्या मातीनं काय बरं होत नाही? कातडी फुटून रक्त यायला लागलं, तेव्हा उस्तादांच्या पायाशी बसून सांगितलं. माझ्याकडे न बघताच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले, "बाईकडे गेल्याशिवाय हे होत नाही. माझा लंगोट ठेव आणि चालता हो!" त्या संध्याकाळी अब्बांनीही मला जेवायला बोलावलं नाही. डॉक्टर चीमांनी मात्र बघताक्षणी ओळखलं. "नायटा आहे, गाढवा. बाईचा काय संबंध? दुसऱ्याचा घामट कपडा घातलास, वर माती चोळलीस. स्वच्छ धू, कोरडं ठेव. आणि अंग चिघळेपर्यंत लाजत बसू नकोस, आधी ये." त्यांनी दिलेली मलमाची ट्यूब उस्तादांना दाखवायला मी तडक तालमीत गेलो. त्यांच्या कोनाड्यात, तेलाच्या बाटलीमागे, तसलीच ट्यूब होती, पार पिळून काढलेली. आणि खाली आखाड्यात उस्ताद तोच लंगोट माझ्या जोडीच्या मुश्ताकच्या कमरेला बांधत होते. मी उतरलो, माझी ट्यूब मुश्ताकच्या हातात ठेवली. "असू दे. महिन्याभरात लागेल." उस्तादांचे हात गाठीवरच थांबले. "उस्तादांची तर संपलीये."