मलप्पानं वाचलेली अट

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात महानंदा चाकूरच्या एका टँकर ठेकेदाराकडे कॉम्प्युटरवर बसायची. टँकर कुठं पाठवायचा ते ठरवणाऱ्या जुन्या प्रोग्राममध्ये नुसती एक्स, वाय अशी अक्षरं होती. इंजिनिअर सोडून गेल्यावर ती कुणालाच उमगेनात, म्हणून तिनं मराठी नावं देऊन तो नव्यानं लिहिला. चौथ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर मलप्पा तणतणत आत आला. "ताई, तुमचा प्रोग्राम आला अन् माळावरचा तांडा यादीतून गेला! तीन दिस झालं, बाया घागरी घेऊन रस्त्यावर बसल्यात." महानंदानं प्रोग्राम वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला, पण चूक दिसेना. सातवी शिकलेला मलप्पा तिच्या खुर्चीमागून एकेक शब्द जुळवत वाचू लागला. "हे इफ म्हणजे?" "जर," ती म्हणाली. "जर विहिरीला पाणी, तर टँकर नको... हितंच चुकलंय की, ताई! तांड्याच्या विहिरीला पाणी हाय, पण ते खारं हाय. ढोरं बी तोंड लावत न्हाईत." जुन्या अक्षरांना मराठी नावं देताना गोडं-खारं हा फरक महानंदाकडून सुटला होता. तिनं अट बदलून 'विहिरीला गोडं पाणी' अशी केली आणि तांड्याच्या विहिरीपुढं 'खारं' लिहिलं. नव्या यादीत तांडा पहिला आला. मलप्पा किल्ली घेऊन निघाला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं आणि त्या ओळीशेजारी टीप लिहिली: 'ही चूक मलप्पा ड्रायव्हर यांनी वाचून शोधली.' मलप्पानं ते बोट ठेवून वाचलं. "हे आता असंच ऱ्हाणार?" "प्रोग्राम चालतोय तोवर." डोक्याचा रुमाल नीट बांधून तो ताठ मानेनं टँकरकडे गेला.