तबलीचं लाकूड

शालिग्राम मिस्त्रीने तंबोऱ्याच्या तबलीवर अंगठा दाबला, तर तो आतच गेला. भोपळ्याच्या तोंडावरची ती पातळ फळी पार कुजली होती.

"या तो गई, भाऊसाब," तो म्हणाला. "भोपळा चोखा हे, दांडी चोखी हे. तबली नवी बसवनी पडेगी."

भाऊंना ते ठाऊकच होतं. प्लेगमध्ये सगळं देवास गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेलं आणि मागे घरं शुद्ध करायची म्हणून कौलं उतरवली गेली. ऊन आत यावं, एवढाच हेतू. उन्हाआधी पाऊस आला. त्यांच्या मुलाचा, भास्करचा, तंबोरा खुंटीवर तीन महिने भिजला. तोवर तो वाजवणारा भास्करही राहिला नव्हता, म्हणा.

"लाकूड कोणतं घालशील?"

"शिवण. पन नवी नी चले. नवी लकडी गुंगी रेवे, बोलती नी. वीस-पच्चीस बरस सुकेली पाहिजे. घरात जुनी फळी-बिळी कई हे का?"

भाऊ याच प्रश्नाची वाट पाहत होते.

"पाट आहेत," स्वयंपाकघराकडे तोंड करून ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "रिकामे पडलेत."

रिकामे पडलेले नव्हते, हीच तर रड होती. त्यांची बायको, माई, रोज दोन्ही वेळा चार पाट मांडत. मुलाचा, सुनेचा, नातीचा आणि आता माणसं उरली नाहीत म्हणून त्याच पंगतीत स्वतःचा. मुलगा, सून, नात तिघंही आठ दिवसांत गेली होती. तरी त्यांची पानं वाढली जात. भाऊ त्या भरल्या पानांसमोर घोंगडीवर बसून चार घास कसेबसे गिळत. त्यांचा स्वतःचा पाट झोपडीतच विसरला, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तंबोऱ्याच्या निमित्ताने एखादा पाट कापला गेला तर हे सगळं थांबेल, असा त्यांचा बेत होता. बेत वाईट नव्हता. पण बायकोला तोंडावर सांगायची छाती नसलेल्या माणसाचा होता.

माई आपल्या पाटावर बसून भाजी चिरत होत्या. बाकीचे तीन पाट भाऊंनी बाहेर आणले. शालिग्रामने ते भिंतीला टेकवून उभे केले आणि एकेकावर बोटाच्या पेराने टकटक केली. सुनेचा, चारुलतेचा पाट सागवानी, मधोमध गाठ. छोट्या विद्युल्लतेचा जेमतेम हातभर, तबलीला अपुरा. तिसऱ्यावर टकटक करताच त्याने कान जवळ नेला आणि पुन्हा वाजवून पाहिलं.

"या बोले हे!" तो खूश होऊन म्हणाला. "अस्सल शिवण. किको हे यो पाट?"

"भास्करचा." माई दारात उभ्या होत्या. "तो द्यायचा नाही. भास्कर जेवायला कशावर बसेल?"

शालिग्रामने पाटावरचा हात काढला. भाऊंचा मात्र तोल गेला.

"भास्कर नाहीये!" ते ओरडले. "मी त्याला जाळून आलोय! वखार बंद, वखारवाला पळालेला. दारोदार मागून आणलेलं लाकूड कमरेपर्यंतच पुरलं. छाती तशीच उघडी. शेवटी माझा पाट आणून वर ठेवला. झोपडीत विसरला म्हणालो, ते खोटं."

एका आईला हे असं ऐकवल्याची त्यांना लगेच शरम वाटली. शालिग्राम खाली मान घालून उगाच तंबोऱ्याची खुंटी पिळत बसला.

माईंनी पदराला हात पुसले.

"मग पुरलं का?" त्यांनी विचारलं.

"पुरलं."

त्या आत गेल्या आणि स्वतःचा पाट घेऊन आल्या. मनावरच्या माहेराहून लग्नात आलेला, चाळीस वर्षांचा, बसून बसून मध्ये गुळगुळीत झालेला.

"हा वाजवून पाहा, मिस्त्री."

शालिग्रामने वाजवला. लाकूड खणखणीत बोललं.

"भास्करभियाच्या से बी चोखो हे, माईसाब," तो पडेल आवाजात म्हणाला. जुनी तबली वर ठेवून त्याने कोळशाने गोल काढला. माईंच्या बसण्याने झिजलेली जागा नेमकी त्या गोलात आली. पाट काखेत मारून आणि तंबोरा खांद्याला लावून तो निघून गेला.

दुपारी भाऊ हातपाय धुऊन जेवायला आले. चारुलतेचा आणि विद्युल्लतेचा पाट रोजच्या जागी होता, पानं वाढलेली होती. भाऊंची घोंगडी मात्र घडी करून कोपऱ्यात ठेवली होती आणि तिच्या जागी भास्करचा पाट मांडला होता.

"बसा," माई म्हणाल्या. "त्याला तुमचा मिळालाय. हा आता तुमचा."

भाऊ बसले. माई स्वतः भुईवरच बसल्या. तीनऐवजी दोनच पानं कोणी नसलेल्यांची होती. भाऊंना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. त्यांनी आपोष्णीसाठी तळहातावर पाणी घेतलं.

माई त्या दोन पाटांकडे पाहत होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "त्याला चितेवर पाट दिलात. या दोघींना काय दिलंत?"

भाऊंच्या तळहातावरचं पाणी बोटांतून पानात गळत राहिलं.