बिघडलेला चिमटा

“उघडतोय की मॅडम,” गोविंदा म्हणाला आणि चिमट्याचा खटका त्याने टकदिशी सोडवून दाखवला.

डॉक्टर सुमेधाने तो हिसकावूनच घेतला. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी धरून ठेवायचा चिमटा. मुठीजवळचे दाते एकमेकांत अडकले की घट्ट बसणारा. तिच्या हातात तो बसला तो बसलाच. दाबला, रेटला, पण दाते सुटेनात. गोविंदाने परत घेतला की लगेच टक. तिचं डोकंच उठलं.

सत्त्याऐंशी साल. ती ठाण्याच्या एका रुग्णालयात सर्जरी शिकत होती. काल पेशंट टेबलावर असताना खटका असाच अडकला. सरांनी सगळ्यांदेखत चिमटा तिच्याकडून काढून घेतला आणि म्हणाले, काही हात या कामाचे नसतातच. सर्जरी सोडणार का, ते उद्या सांगायचं होतं. तिला सोडायची नव्हती. दोष हत्यारातच असणार, या हट्टाने ती थेट मानपाड्याच्या शेडमध्ये, ते बनवणाऱ्या गोविंदाशी भांडायला आली होती. आणि इथे सगळे चिमटे एकजात धडधाकट निघाले. आता आपल्याला रडू येणार, याचाच तिला जास्त संताप आला.

तिने चिमटा कोपऱ्यातल्या डब्यात भिरकावला. डब्यातून दुसराच एक बाहेर पडला. तो उचलताना बोटं सवयीने कड्यांत गेली. दाबला, बसला. अंगठा जरासा सरकवला. टक. उघडला.

“तो नका घेऊ मॅडम, भंगारातला हाय. पाती जोडताना माझ्याकडून बाजू उलटी झालेली. नाय उघडायचा.”

त्याने तो घेतला आणि झटापट करत बसला. त्याच्या हातात खरंच उघडेना.

सुमेधा त्याच्या हाताकडे बघत राहिली. उजवा. मग स्वतःच्या हाताकडे. लहानपणी आईने चापट्या मारमारून तिचं जेवण आणि लिहिणं उजव्या हातावर आणलं होतं. बाकी कशालाही डावाच पुढे यायचा. त्यावर आई चिडली, सरांनी नाक मुरडलं. पण चिमटा उजव्या हातासाठी घडवलेला असतो, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

गोविंदा कंटाळून तो परत डब्यात टाकणार, एवढ्यात तिने डावा हात पुढे केला.

“टाकू नका,” ती म्हणाली. “मला असेच डझनभर बिघडवून द्या.”