वाक्प्रचारांची उजळणी

“पीस ऑफ केक,” लेक म्हणाली.

आई खिडकीबाहेर बघत होती. “नको गं, आत्ताच जेवले.”

लेक रागावली नाही. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली, आईच्या पायांवरची चादर सारखी केली आणि शाळेत तू काय सांगायचीस ते आठव म्हणाली. आईच्या कपाळावर आठी पडली, मग विरली.

“हातचा मळ. अगदी सोपं काम.”

“बरोबर. खायला नाही विचारत कुणी. अर्थ विचारतात.”

आईची उभी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली होती. प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराला ती मराठी स्थळ शोधून द्यायची, आणि वर्गातल्या ढ मुलांच्याही ती लग्नं पक्की लक्षात राहायची. आता तिच्याच डोक्यात त्या जोड्या एकेक करून फुटत होत्या.

डॉक्टरांची पद्धत लेकीला ठाऊक झाली होती. आधी तारीख-वार, मग वाक्प्रचार. ज्याला शब्द तेवढे दिसतात, त्यांच्यामागचा अर्थ दिसत नाही, त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं ते धरत. मागच्या खेपेला त्यांनी ‘कोल्ड फीट’ विचारलं, तर आईनं मोजे मागितले होते. तिचा इथला मुक्काम त्यामुळेच वाढला होता.

“मला घरी जायचंय,” आई रोज म्हणायची.

“आधी इथून तर बाहेर पड. तू ठणठणीत आहेस असं डॉक्टरांनी म्हटल्याशिवाय तुला कुणी हलू देणार नाही.”

भावानं फोनवर सांगून पाहिलं होतं, की आईला राहू दे तिथंच, म्हातारीला कशाला पिळतेस. त्यावर, तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी समर्थ आहे, एवढंच लेक बोलली होती. ऑफिस सुटलं की ती थेट इस्पितळात यायची. दाराशी खुर्ची टाकून बसलेली बाई तिची पिशवी उघडून बघायची आणि आत सोडायची. आईसाठी इतकं करणारी लेक आपण पाहिली नाही, असं ती बाई एकदा म्हणाली. लेक नुसती हसली.

‘बरी द हॅचेट’पाशी मात्र गाडी अडायची. आई म्हणायची, कुऱ्हाड पुरली. कुठं, म्हटलं की परसात असं सांगून मोकळी. एका संध्याकाळी लेकीनं तेवढा एकच घोटून घेतला. शेवटी आईनंच तिचा हात धरला.

“वैर संपवणं. मनातली अढी काढून टाकणं. हो ना गं?”

लेकीनं हात सोडवून घेतला आणि पेल्यात पाणी ओतलं. “हो. पुढचा.”

“पिल्लू कधी येणार मला भेटायला?”

“डॉक्टरांसमोर पिल्लूचं नाव काढायचं नाही, सांगितलंय ना? नातवासाठी कासावीस झालीस की त्यांना वाटतं, तुझं मन थाऱ्यावर नाही. त्यांनी विचारलंच तर म्हणायचं, मला सगळं आठवतं, पण त्याबद्दल बोलायचं नाही.”

आईनं तेही पाठ केलं.

तपासणीच्या दिवशी लेकीनं तिचे केस विंचरून घट्ट वेणी घातली. आईनं तारीख सांगितली, वार सांगितला. ‘कोल्ड फीट’ म्हणजे ऐनवेळी कच खाणं. ‘बरी द हॅचेट’ म्हणजे वैर संपवणं. मग डॉक्टरांनी न घोटलेला काढला, ‘टर्न अ ब्लाइंड आय’. लेकीचा जीव टांगणीला लागला. आईनं डोळे मिटले.

“काणाडोळा करणं,” ती हळूच म्हणाली. “दिसत असून न दिसल्यासारखं वागणं. माझ्या वर्गात हे शेवटच्या बाकावरच्यांनाही यायचं.”

डॉक्टर हसले. मग त्यांनी नातवाबद्दल विचारलं.

“मला सगळं आठवतं,” आई म्हणाली. “पण त्याबद्दल बोलायचं नाही.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. लेकीला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं, की तुमच्या आई पूर्ण भानावर आहेत, मी तसंच कळवतो. लेकीनं डोळे पुसले. आत पलंगावर आई दाराकडे बघत होती, बरोबर उत्तर देऊन शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी.

“म्हणजे आता,” लेकीनं हलक्या आवाजात विचारलं, “माझ्या पिल्लूला पाण्यात बुडवून मारल्याचा खटला तिच्यावर चालेल ना?”